विश्लेषण : ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरील अ‍ॅनिमेशनपट का फसले? लेखक टॉल्किन यांना कशाची भीती होती?

पीटर जॅक्सन यांच्या तीन चित्रपटांमुळे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हे नाव भारतातल्या प्रेक्षकांनाही परिचित आहे. या तिन्ही चित्रपटांनी मिळून १७ ऑस्कर पटकावले. मात्र त्याआधीची ३५ वर्षे या कादंबऱ्यांवर पडद्यासाठी जे बनले, त्यातले सर्वाधिक चर्चेत राहिलेले प्रयत्न अ‍ॅनिमेशनपटांचे होते. त्यातला एक १२ मिनिटांत आटोपला, एक कथेच्या मध्यावरच थांबला, तर एकात दोन प्रमुख पात्रेच गायब होती. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ‘द वॉर ऑफ द रोहिरिम’ हा नवा अ‍ॅनिमेशनपट चित्रपटगृहांत आला, तोही तिकीटबारीवर चालला नाही.

विशेष म्हणजे पडद्यावर आपल्या कथेचे काय होऊ शकते, याचा अंदाज मूळ लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९५८ मध्येच बांधला होता आणि तो कागदावर उतरवलाही होता. तरीही पुढे त्यांनीच चित्रपटाचे हक्क विकले. असे का झाले? टॉल्किन नेमके कोण होते आणि त्यांचा आक्षेप कशाला होता?

कोण होते टॉल्किन?

जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी आजच्या दक्षिण आफ्रिकेतील ब्लोमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर तिथे बँकेत नोकरीला होते. आई मेबल १८९५ मध्ये दोन मुलांना घेऊन इंग्लंडला आली. वडील मागाहून येणार होते, पण त्याआधीच १८९६ मध्ये आजारपणात त्यांचा मृत्यू झाला. बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यातली पाणचक्की, शेते आणि झाडे यांत टॉल्किन यांचे बालपण गेले. हॉबिट लोकांचा ‘शायर’ हा प्रदेश याच आठवणींतून पुढे आकाराला आला.

१९०४ मध्ये आईचेही मधुमेहाने निधन झाले. इन्सुलिनचा शोध लागायला तेव्हा आणखी १७ वर्षे होती. १२ वर्षांचे टॉल्किन आणि त्यांचा धाकटा भाऊ हिलरी यांची जबाबदारी फादर फ्रान्सिस मॉर्गन या कॅथलिक धर्मगुरूंनी घेतली. पुढे टॉल्किन यांचे एडिथ ब्रॅट या तरुणीवर प्रेम जडले. तीही अनाथ होती आणि त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी. अभ्यासावर परिणाम होईल म्हणून फादर मॉर्गन यांनी २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत तिच्याशी संपर्क ठेवण्यास मनाई केली. टॉल्किन यांनी ती अट पाळली, पण २१ वे वर्ष पूर्ण होताच एडिथला पत्र लिहिले. मार्च १९१६ मध्ये दोघांचे लग्न झाले.

लग्नानंतर काही आठवड्यांतच ते पहिल्या महायुद्धासाठी फ्रान्सला रवाना झाले. सोमच्या लढाईत ते लँकेशायर फ्युझिलियर्सच्या तुकडीत सिग्नल अधिकारी होते, म्हणजे संदेशवहनाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. खंदकांतल्या उवांमुळे होणारा ताप जडल्याने त्यांना नोव्हेंबर १९१६ मध्ये मायदेशी परत पाठवण्यात आले. शाळेपासूनच्या चार जिवलग मित्रांच्या गटातले दोघे, रॉब गिल्सन आणि जी. बी. स्मिथ, त्याच वर्षी युद्धात मारले गेले. आपल्या काल्पनिक जगाच्या पहिल्या कथा टॉल्किन यांनी लिहायला घेतल्या, त्या या आजारपणाच्या काळात.

युद्धानंतर काही काळ त्यांनी ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशासाठी काम केले. मग लीड्स विद्यापीठात आणि १९२५ पासून ऑक्सफर्डमध्ये ते प्राध्यापक होते. जुनी इंग्रजी भाषा हा त्यांचा विषय. स्वतःच्या भाषा रचण्याचा त्यांना छंद होता आणि त्या भाषा बोलणारे लोक हवेत, म्हणून त्यांनी एल्फ आणि त्यांचा इतिहास निर्माण केला. आधी भाषा, मग कथा, असा हा क्रम होता.

परीक्षेच्या पेपरवर सुरू झालेली कादंबरी

चार मुलांच्या संसारात प्राध्यापकाचा पगार पुरत नसे. त्यामुळे टॉल्किन उन्हाळ्यात शालेय परीक्षांचे पेपर तपासत. अशाच एका उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याने कोरे सोडलेले पान समोर आले आणि त्यावर त्यांनी ‘हॉबिट’चे पहिले वाक्य लिहिले. सप्टेंबर १९३७ मध्ये ही कादंबरी लंडनच्या अ‍ॅलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. हस्तलिखित छापण्याजोगे आहे की नाही, हे ठरवण्यासाठी प्रकाशकांनी ते आपल्या १० वर्षांच्या मुलाला, रेनर अनविनला, वाचायला दिले होते. त्या अभिप्रायाचे त्याला एक शिलिंग मिळाले.

हाच रेनर पुढे प्रकाशनाच्या व्यवसायात आला. ‘हॉबिट’नंतर टॉल्किन यांनी १२ वर्षे खपून जी कादंबरी लिहिली, ती छापायचा निर्णयही त्याचाच. यात एक हजार पौंडांचा तोटा होऊ शकतो, असा त्याचा हिशेब होता. म्हणून टॉल्किन यांना आगाऊ मानधन न देता नफा झालाच तर निम्मा वाटा देण्याचे ठरले. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ प्रसिद्ध झाली आणि हा करार टॉल्किन यांच्यासाठी फायद्याचा ठरला.

चित्रांना विरोध नव्हता, मग आक्षेप कशाला?

टॉल्किन स्वतः उत्तम चित्रे काढत. ‘हॉबिट’मधली चित्रे आणि नकाशे त्यांचेच आहेत. मुलांना ते दर नाताळला फादर ख्रिसमसच्या नावाने सचित्र पत्रे लिहीत. मात्र ‘हॉबिट’च्या अमेरिकी आवृत्तीसाठी तिथल्या चित्रकारांकडून चित्रे घ्यावीत असा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी एक अट घातली : डिस्नेच्या शैलीचे काहीही नको. डिस्ने स्टुडिओच्या कामाबद्दल त्यांना मनापासून तिटकारा होता. योगायोग म्हणजे ‘हॉबिट’ प्रसिद्ध झाल्यानंतर तीनच महिन्यांत डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ आला. टॉल्किन यांच्या कथेत १३ बुटके होते आणि डिस्नेच्या चित्रपटात सात, पण दोन्हींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक होता. टॉल्किन यांचे बुटके हे स्वतःचा इतिहास, भाषा आणि गमावलेले राज्य असलेले लोक होते, तर डिस्नेचे बुटके विनोदासाठी होते.

१९३९ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात आणि त्यातून तयार झालेल्या निबंधात त्यांनी याची कारणमीमांसा केली. त्यांच्या मते शब्द हे एका मनातून थेट दुसऱ्या मनात जातात. लेखकाने टेकडी म्हटले की प्रत्येक वाचक स्वतः पाहिलेल्या टेकड्यांमधून आपली एक टेकडी उभी करतो. मावळातल्या वाचकाची टेकडी वेगळी आणि बर्मिंगहॅमच्या वाचकाची वेगळी. चित्र मात्र सगळ्यांना एकच टेकडी दाखवते. रंगमंचावर अद्भुत गोष्टी दाखवू गेल्यास त्या हास्यास्पद होण्याचा धोका असतो, असेही त्यांचे म्हणणे होते.

१९५८ मधील आक्षेप काय होते?

१९५७ मध्ये फॉरेस्ट अ‍ॅकरमन हे अमेरिकी गृहस्थ अ‍ॅनिमेशनपटाचा प्रस्ताव घेऊन टॉल्किन यांना भेटले. सोबत आणलेली नमुना-चित्रे टॉल्किन यांना चक्क आवडली. प्रकाशकांसोबत त्यांनी एक सरळ धोरण ठरवले होते. एकतर भरपूर पैसा मिळावा, नाहीतर कथेत काय बदलायचे यावर लेखकाचा अधिकार राहावा. दोन्ही मिळणार नसेल तर व्यवहार नको.

पुढच्या वर्षी मॉर्टन ग्रेडी झिमरमन यांनी लिहिलेला कथेचा आराखडा हातात पडला आणि टॉल्किन वैतागले. त्यांनी त्यावर सविस्तर टिपण लिहिले. त्यातले मुख्य मुद्दे असे :

- कथेत अगदी मोजक्या वेळी येणारे महाकाय गरुड आराखड्यात वाहनासारखे वारंवार वापरले होते. गरुड कुठेही नेऊन सोडणार असतील तर प्रवासातले कष्ट आणि धोका यांना अर्थच उरत नाही.

- शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत चालणारा प्रवास आक्रसला होता. ऋतू बदलतात, थकवा साचत जातो, हे सगळे नाहीसे झाले होते.

- शांत, भीतीदायक प्रसंगांच्या जागी हाणामाऱ्या घुसवल्या होत्या.

- एल्फ लोकांच्या प्रवासातल्या पावाला एखाद्या कारखान्यातल्या पौष्टिक वडीचे रूप दिले होते. बोरोमिर या महत्त्वाच्या पात्राचे नावही चुकीचे लिहिले होते.

कथा छोटी करायला त्यांचा विरोध नव्हता. उलट सगळेच थोडे थोडे कोंबण्यापेक्षा काही भाग पूर्ण गाळा, असा त्यांचा सल्ला होता. चालत्या-बोलत्या वृक्षांचे म्हणजे एन्ट लोकांचे प्रकरण आणि हॉर्नबर्गच्या किल्ल्यावरची लढाई, या दोन्हींना पुरेसा वेळ नसेल तर लढाई गाळावी, कारण मुख्य कथेत ती दुय्यम आहे, असे त्यांनी सुचवले. स्वतः रणांगण पाहिलेला माणूस लढाई काढायला सांगत होता, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. ही लढाई प्रेक्षकांना ‘हेल्म्स डीप’ या नावाने माहीत आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

हा प्रकल्प पुढे गेला नाही.

१२ मिनिटांचा ‘हॉबिट’ का बनवला गेला?

१९६० च्या दशकात अमेरिकी विद्यार्थ्यांनी ही पुस्तके डोक्यावर घेतली आणि हक्कांची किंमत झपाट्याने वाढली. ‘हॉबिट’चे चित्रपट हक्क तेव्हा विल्यम स्नायडर या निर्मात्याकडे होते. करारानुसार ३० जून १९६६ पर्यंत रंगीत चित्रपट बनवून दाखवणे बंधनकारक होते, नाहीतर हक्क परत जाणार होते. चित्रपट किती लांबीचा असावा, हे मात्र करारात नव्हते.

स्नायडर यांनी प्रागमध्ये राहणारे अ‍ॅनिमेटर जीन डाइच यांना तातडीने काहीतरी तयार करायला सांगितले. ‘टॉम अँड जेरी’चे १३ भाग बनवणारे हेच ते डाइच. चेक चित्रकार अडॉल्फ बॉर्न यांच्या स्थिर चित्रांवरून कॅमेरा फिरवत त्यांनी १२ मिनिटांचा चित्रपट महिनाभरात पूर्ण केला. त्यात मूळ कथेत नसलेली राजकन्या आहे आणि शेवटी बिल्बो हॉबिटचे तिच्याशी लग्नही होते. ड्रॅगनचे नाव बदलून स्लॅग केले आहे. डाइच यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार, मुदतीच्या दिवशी न्यूयॉर्कमधल्या छोट्या खोलीत रस्त्यावरच्या लोकांना बोलावले गेले. तिकिटासाठीचे १० सेंट त्यांच्या हातात देऊन तेच त्यांच्याकडून परत घेतले आणि चित्रपट दाखवला. करार पाळला गेला. त्यानंतर स्नायडर यांनी हे हक्क एक लाख डॉलरच्या आसपास किमतीला परत विकले. थोडक्यात, हा चित्रपट प्रेक्षकांसाठी बनलाच नव्हता.

टॉल्किन यांनी हक्क का विकले?

१९६९ मध्ये टॉल्किन यांनी दोन्ही कादंबऱ्यांचे चित्रपट हक्क युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीला विकले. रक्कम होती एक लाख पौंडांहून थोडी अधिक आणि सोबत भावी उत्पन्नात वाटा. त्यांचे वय तेव्हा ७७ होते. ब्रिटनमधला त्या काळचा जबर प्राप्तिकर आणि मुलांची तरतूद, ही या निर्णयामागची पार्श्वभूमी सांगितली जाते. १९५७ मध्ये ठरवलेल्या दोन पर्यायांपैकी त्यांनी पैशाचा पर्याय निवडला आणि कथेवरचा ताबा गेला.

त्यातून बनलेला एकही चित्रपट त्यांनी पाहिला नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिथ यांचे निधन झाले. २ सप्टेंबर १९७३ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी टॉल्किनही गेले. ऑक्सफर्डच्या वुल्व्हरकोट स्मशानभूमीत दोघांची एकच समाधी आहे. त्यावर त्यांच्या नावांखाली त्यांनीच रचलेल्या प्रेमकथेतली बेरेन आणि लुथिएन ही नावे कोरली आहेत.

हक्क १९७६ मध्ये निर्माते सॉल झेंट्झ यांच्याकडे गेले. त्यानंतर चार वर्षांत तीन अ‍ॅनिमेशनपट आले.

टीव्हीवरचा ‘हॉबिट’ आणि जपानी कनेक्शन

पहिला होता रॅन्किन-बास कंपनीचा ‘हॉबिट’. नोव्हेंबर १९७७ मध्ये तो अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर दाखवण्यात आला. सव्वा तासाच्या या चित्रपटात अस्वलाचे रूप घेणारा बेऑर्न आणि आर्केनस्टोन हे रत्न दोन्ही गाळले होते. या रत्नावरूनच पुस्तकात बुटक्यांच्या राजाची हाव आणि बिल्बोची नैतिक परीक्षा दिसते. ते गेल्याने शेवटची लढाई का होते, हे नीट कळत नाही. अमेरिकी मुलांच्या एका पिढीला हा चित्रपट आवडला, पण पुस्तकाच्या उत्तरार्धातले गांभीर्य त्यात उतरले नाही.

त्याचे अ‍ॅनिमेशन टोकियोच्या टॉपक्राफ्ट स्टुडिओने केले होते. याच स्टुडिओने १९८४ मध्ये हायाओ मियाझाकी यांचा ‘नॉसिका’ बनवला आणि तिथले अनेक कलाकार पुढे प्रसिद्ध स्टुडिओ जिब्लीत गेले. म्हणजे हात कसबी होते. कमी पडले ते कथेत काय ठेवायचे आणि काय गाळायचे याबाबतचे निर्णय.

बाक्शींचा अर्धवट चित्रपट आणि ‘रोटोस्कोपिंग’

नोव्हेंबर १९७८ मध्ये राल्फ बाक्शी यांचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटगृहांत आला. यात ‘रोटोस्कोपिंग’ हे तंत्र वापरले होते. आधी खऱ्या कलाकारांना घेऊन प्रसंग चित्रित करायचा, मग त्या फिल्मची एकेक फ्रेम कागदावर गिरवून अ‍ॅनिमेशन तयार करायचे, असे हे तंत्र आहे. त्यामुळे हालचाली खऱ्यासारख्या दिसतात. पण यात वेळ आणि पैसा प्रचंड लागतो. लढायांच्या दृश्यांत पूर्ण गिरवण्याऐवजी मूळ फिल्मवरच रंग चढवून काम भागवले गेले. परिणामी एकाच प्रसंगात काही पात्रे चित्रातली तर काही खऱ्या माणसांच्या सावल्यांसारखी दिसतात.

दुसरी अडचण वेळेची. मूळ कादंबरी सुमारे ४ लाख ८० हजार शब्दांची आहे. मिनिटाला २०० ते २५० शब्द वाचणाऱ्याला तिचा निम्मा भाग वाचायला १६ ते २० तास लागतील. बाक्शींनी साधारण तेवढा भाग १३२ मिनिटांत बसवला. चित्रपट हेल्म्स डीपच्या लढाईनंतर थांबतो. हा पहिला भाग असल्याचे नावात सांगावे, असे बाक्शींचे म्हणणे होते, पण वितरकांनी ते मान्य केले नाही. पूर्ण कथा पाहायला आलेल्या प्रेक्षकांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. खलनायक सारुमनला चित्रपटात कधी सारुमन तर कधी आरुमन म्हटले जाते, त्याने गोंधळात भर पडली. चित्रपटाने खर्चाच्या कित्येक पट कमाई केली, तरी दुसरा भाग कधीच बनला नाही.

टॉल्किन यांचे १९५८ मधले टिपण आठवा. लढाई गाळा आणि एन्टना वेळ द्या, असे ते सांगत होते. बाक्शींच्या चित्रपटाचा कळसाध्याय ही लढाईच आहे. एन्टांचा प्रमुख ट्रीबिअर्ड मात्र दोन हॉबिटांना उचलून घेतो आणि पुढे दिसतच नाही.

मे १९८० मध्ये रॅन्किन-बासने ‘द रिटर्न ऑफ द किंग’ टीव्हीवर आणला. लेगोलास आणि गिम्ली ही दोन महत्त्वाची पात्रे त्यात नाहीत. आधी काय घडले, हे निवेदन आणि गाण्यांतून उरकले आहे.

इतर लेखकांच्या वाट्यालाही हेच आले?

लॉइड अलेक्झांडर यांच्या ‘प्रिडेन’ मालिकेतल्या कादंबऱ्यांवर डिस्नेने १९८५ मध्ये ‘द ब्लॅक कॉल्ड्रन’ बनवला. दोन पुस्तकांची मोडतोड करून जुळवलेला हा खर्चिक चित्रपट सपाटून आपटला. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेवर स्टुडिओ जिब्लीने २००६ मध्ये चित्रपट काढला, तेव्हा ले ग्विन यांनीही नाराजी जाहीर केली. त्यांच्याही तक्रारीत हिंसेवरचा अनावश्यक भर हा मुद्दा होता. स्टुडिओ आणि देश वेगळे असले तरी दुखणे मिळतेजुळते होते.

या चित्रपटांचा काहीच उपयोग झाला नाही का?

झाला. न्यूझीलंडमधल्या एका किशोरवयीन मुलाने बाक्शींचा चित्रपट पाहिला, त्यानंतर कादंबरी विकत घेतली आणि रेल्वेच्या लांबच्या प्रवासात वाचली. त्याचे नाव पीटर जॅक्सन. त्यांच्या २००१ च्या चित्रपटातील हॉबिटांच्या मेजवानीतला एक शॉट बाक्शींना दिलेली दाद आहे.

मात्र जॅक्सन यांनीही हेल्म्स डीपची लढाई दुसऱ्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी ठेवली. टॉल्किन यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी वडिलांची अप्रकाशित हस्तलिखिते संपादित करण्यात आयुष्य घालवले. हे चित्रपट म्हणजे पुस्तकाची मारधाडपटात केलेली रवानगी आहे, असे त्यांचे मत होते. २००८ मध्ये वारसांनी ठरलेला वाटा मिळाला नाही म्हणून निर्मात्यांवर दावाही ठोकला. पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला. म्हणजे १९६९ मध्ये ज्या पैशासाठी ताबा सोडला, त्यासाठीही वारसांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

पुढे काय?

झेंट्झ यांच्याकडचे हक्क २०२२ मध्ये स्वीडनच्या एम्ब्रेसर समूहाने विकत घेतले असून नव्या चित्रपटांचे काम सुरू आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. त्यामुळे टॉल्किन यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या या दोन्ही कादंबऱ्या भारतात १ जानेवारी २०३४ रोजी खुल्या होतील. ब्रिटनमध्ये ही मुदत ७० वर्षांची असल्याने तिथे २०४४ उजाडेल. नावांवरचे ट्रेडमार्क मात्र तेव्हाही लागू असू शकतात.

त्यानंतर भारतातल्या एखाद्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओलाही या कथेला हात घालता येईल. मुदत संपण्याआधी घाईने काहीतरी बनवण्याचे दडपण त्याच्यावर नसेल. काय गाळायचे हा प्रश्न मात्र त्यालाही सोडवावा लागेल आणि त्याचे लेखकाने दिलेले उत्तर १९५८ पासून लिहून ठेवलेले आहे.